कार्लाइलची शाळा आणि क्वेबेकचा पूल

मागासलेल्या म्हणून गणल्या गेलेल्या समाजांस एखादा धंदा शिकवावा, त्यांच्या हातीं हुन्नर द्यावा, म्हणजे त्यांचें दैन्य आपोआप फिटेल, ही कल्पना कांहीं नवी नाहीं. गेल्या दीडशें वर्षांत निरनिराळ्या देशांतील राज्यकर्त्यांनीं, धर्मोपदेशकांनीं व दानशूर गृहस्थांनीं ती मोठ्या उत्साहानें उचलून धरली आहे आणि तिच्यापायीं द्रव्यहि पुष्कळ खर्च केलें आहे. आपल्या सुशिक्षित घरांतून या विषयाची गोष्ट निघाली असतां मतभेद सहसा ऐकूं येत नाहीं. धंदेशिक्षणास नको म्हणणार कोण? परंतु ज्या गोष्टीविषयीं सर्वांचें एकमत असतें, तिचा इतिहास तपासून पाहण्याचें कोणाच्या फारसें मनांत येत नाहीं. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या बाबतींत हा प्रयोग जितक्या मोठ्या प्रमाणावर, जितका दीर्घकाळ आणि जितक्या निरनिराळ्या रीतींनीं झाला, तितका तो अन्यत्र क्वचितच झाला असेल. त्या प्रयोगाची हकीकत वाचकांपुढें ठेवून तींतून काय निष्पन्न होतें तें पाहावें, एवढाच आमचा हेतु आहे.

कोलंबसास आपण हिंदुस्थानच्या किनाऱ्यास लागलों असा भ्रम झाला, आणि त्या भ्रमामुळें या लोकांस ‘इंडियन’ हें नांव कायमचें चिकटलें. वस्तुतः ते एकजिनसी लोक नव्हत. लकोटा, शायेन, चेरोकी, ओमाहा, मोहॉक अशीं त्यांचीं शेंकडों राष्ट्रें. प्रत्येकाची भाषा निराळी, निर्वाहाची रीत निराळी, आणि गोऱ्या सरकारशीं केलेले तहहि निराळे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणांत पश्चिमेकडील विस्तीर्ण मैदानांतले रानगव्यांचे कळप गोऱ्या शिकाऱ्यांनीं जवळजवळ नाहींसे केले, आणि त्या कळपांवर जगणाऱ्या जमाती राखीव मुलुखांत कोंडल्या जाऊन सरकारी शिध्यावर दिवस कंठूं लागल्या. हा शिधा किती दिवस द्यावयाचा, आणि तो बंद केल्यास या लोकांनीं काय करून खावें, असा प्रश्न वॉशिंग्टनच्या सरकारपुढें उभा राहिला. त्याचें उत्तर घोडदळांतील एका अधिकाऱ्यानें दिलें.

लेफ्टनंट रिचर्ड हेन्री प्रॅट हें त्याचें नांव. १८७५ सालीं शायेन, कायोवा, कोमांची वगैरे जमातींचे ७२ कैदी फ्लॉरिडांतील फोर्ट मॅरियन या किल्ल्यांत आणून ठेवण्यांत आले व त्यांची देखरेख प्रॅटकडे आली. हा मनुष्य दुष्ट नव्हता, हें आरंभींच सांगितलें पाहिजे. त्यानें कैद्यांच्या बेड्या काढल्या, त्यांचा पहारा त्यांच्यावरच सोंपविला, त्यांस लिहावाचावयास शिकविण्याची व्यवस्था केली आणि चार पैसे मिळविण्याची मोकळीक दिली. समुद्रकांठीं सांपडणाऱ्या बिया घासून चकचकीत करून ते प्रवाशांस विकीत. त्यांनीं वह्यांतून काढलेलीं चित्रें तर आज मोठमोठ्या संग्रहालयांनीं जपून ठेविलीं आहेत. १८७८ मध्यें सुटका झाल्यावर त्यांपैकीं कांहीं तरुण व्हर्जिनियांतील हॅम्प्टन येथें, दास्यमुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांकरितां काढलेल्या उद्योगशाळेंत दाखल झाले. या अनुभवावरून प्रॅटनें एक सिद्धांत बसविला. मूळ रहिवासी बुद्धीनें कोणाहून कमी नाहीं. दोष आहे तो त्याच्या परिस्थितीचा. तेव्हां लहानपणींच त्यास घरापासून, भाषेपासून व जमातीपासून तोडून गोऱ्यांच्या वस्तींत वाढविलें म्हणजे झालें. पुढें १८९२ मध्यें डेन्व्हर येथील एका परिषदेंत त्यानें हाच सिद्धांत, त्याच्या अंगचा इंडियन मारावा आणि माणूस वाचवावा, अशा अर्थाच्या शब्दांत मांडला. सिद्धांताचा पूर्वार्ध त्या काळाच्या मानानें उदारपणाचा होता. अनर्थ केला तो उत्तरार्धानें.

१८७९ च्या ऑक्टोबर महिन्यांत पेन्सिल्व्हानियांतील कार्लाइल गांवीं, लष्कराच्या ओस पडलेल्या बराकींत, प्रॅटची शाळा सुरू झाली. पहिल्या तुकडींत लकोटा जमातीचीं ८२ मुलेंमुली होतीं. त्यांचे लांब केस कापण्यांत आले. लकोटा लोकांत केस कापणें हें सुतकाचें लक्षण. म्हणजे आईबाप जिवंत असतांना मुलांस त्यांचें सुतक धरावें लागलें. मातृभाषा बोलण्यास मनाई झाली. ल्यूथर स्टँडिंग बेअर हा त्या पहिल्या तुकडींतील मुलगा पुढें ग्रंथकार झाला. फळ्यावर लिहिलेल्या, अर्थ न कळणाऱ्या खुणांपैकीं एकीवर त्यानें काठी टेकली आणि त्या घटकेपासून तो ‘ल्यूथर’ झाला, असें त्यानेंच लिहून ठेविलें आहे.

मग या मुलांस आईबापांनीं पाठविलें तरी कां? येथें इतिहासांतील एक मार्मिक गोष्ट आहे. प्रॅट मुलें मागावयास गेला तेव्हां स्पॉटेड टेल या लकोटा नायकानें प्रथम साफ नकार दिला. त्यावर प्रॅट म्हणाला कीं, तुम्हांस इंग्रजी वाचतां आलें असतें तर तहांत काय लिहिलें आहे तें तुम्हांस समजलें असतें आणि तुमच्या डोंगराळ मुलुखावर आजचा प्रसंग आला नसता. सोन्याच्या लोभानें ब्लॅक हिल्स हा प्रदेश लकोटांच्या हातून नुकताच गेला होता. ती जखम ताजी होती. नायकानें विचार केला आणि आपलीं स्वतःचीं मुलें पाठविलीं. करारमदार वाचतां यावेत, हा त्याचा हेतु. पुढच्याच वर्षीं, १८८० मध्यें, तो कार्लाइल पाहावयास आला. मुलांच्या अंगांत शिपायांचे गणवेश होते, त्यांस कवाईत करावी लागत होती, कारखान्यांतून कामास जुंपलें जात होतें, आणि इंग्रजी मात्र जेमतेमच येत होतें. नायक संतापला आणि आपलीं मुलें घेऊन निघून गेला. धंदेशिक्षण देणारा व घेणारा यांच्या हेतूंत अंतर पडलें म्हणजे काय होतें, याचें इतकें स्पष्ट उदाहरण दुसरें सांपडणें कठीण.

शाळेचा क्रम असा होता: अर्धा दिवस वर्गांत, अर्धा दिवस कारखान्यांत. मुलगे सुतारकाम, लोहारकाम, जोडे शिवणें, घोड्यांचा सरंजाम करणें, गाड्या बांधणें, कल्हई-जस्तकाम, छपाई इत्यादि शिकत. मुली शिवणकाम, धुणें, इस्त्री आणि स्वयंपाक. याखेरीज ‘आउटिंग’ नांवाची एक पद्धति होती. तिच्या अन्वयें मुलांस उन्हाळ्यांत, कधींकधीं वर्षभर, आसपासच्या शेतकरी कुटुंबांत कामास ठेवीत. मजुरीचा कांहीं भाग शाळेंत त्यांच्या नांवें जमा होई. कागदावर हें सारें व्यवस्थित दिसतें. परंतु स्टँडिंग बेअर याची हकीकत पाहा. त्यास पत्र्याचीं भांडीं करण्याचा धंदा शिकविला. तो घरीं परतला तेव्हां त्यास आढळून आलें कीं, तेथें कथलाच्या पत्र्याच्या भांड्यांचा तोटा नाहीं. शाळेंत त्यानें व त्याच्या सोबत्यांनीं केलेलीं भांडींच सरकारनें त्या मुलुखांत वांटलीं होतीं! शिकण्याच्या काळांत तो आपल्याच भावी गिऱ्हाइकांची गरज फुकट भागवीत होता. सरंजाम करणाऱ्यांची गत पुढें याहून वाईट झाली, कारण थोड्याच वर्षांत मोटार आली व घोडा गेला.

दुसरीहि एक गोष्ट लक्षांत घेतली पाहिजे. १८८७ च्या डॉज कायद्यानें जमातींच्या सामाईक जमिनीचे खाजगी तुकडे पाडण्यास सुरुवात झाली. ‘उरलेली’ जमीन गोऱ्या वसाहतवाल्यांस खुली झाली आणि वांटून दिलेलीहि कर्जांत, करांत व फसवणुकींत हळूहळू गेली. त्या वर्षीं या लोकांकडे सुमारें १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ मध्यें सुमारें ४ कोटी ८० लाख उरली. म्हणजे एका हातानें मुलास शेतकीचें शिक्षण देणें चाललें होतें आणि दुसऱ्या हातानें त्याच्या बापाचें शेत काढून घेणें चाललें होतें. शिकून आलेल्या तरुणानें आपलें कसब कोठें चालवावें? गोऱ्यांच्या शहरांत त्यास बरोबरीनें वागविणारा मालक मिळेना, आणि गांवीं गेल्यास स्वतःच्या आजीशीं बोलावयास भाषा राहिली नव्हती.

१९१८ सालीं कार्लाइलची शाळा बंद झाली. तोंवर सात-आठ हजार मुलें तेथें येऊन गेलीं होतीं. शेवटची परीक्षा उतरून बाहेर पडलेले विद्यार्थी आठशेंहूनहि कमी. १९१२ च्या ऑलिंपिक सामन्यांत दोन सुवर्णपदकें जिंकणारा जिम थॉर्प हा याच शाळेचा, हें खरें. पण शाळेच्या आवारांत दीडशेंहून अधिक मुलांचीं थडगींहि होतीं, आणि २०१७ पासून एकेक जमात आपल्या मुलांच्या अस्थि परत नेत आहे. कार्लाइलचा कित्ता गिरविणाऱ्या सरकारी शाळा देशभर निघाल्या होत्या. १९२८ मध्यें लुईस मेरियम व त्यांचे सहकारी यांनीं या साऱ्या कारभाराची तपासणी करून मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांतील धंदेशिक्षणावरचा अभिप्राय अत्यंत कडक आहे. ज्यास शिक्षण म्हणतात तें पुष्कळ अंशीं शाळेचा खर्च भागविण्याकरितां मुलांकडून करवून घेतलेलें काम आहे. तें मुलांनीं शिकावें म्हणून चालत नसून धुलाईघर चालावें म्हणून चालतें. आणि बहुतेक राज्यांतील बालमजुरीच्या कायद्यांखालीं तें बेकायदा ठरेल, असें अहवालकर्त्यांनीं दाखवून दिलें. एका मुलाच्या दिवसाच्या जेवणास सरासरी ११ सेंट खर्च होत होते. २०२४ च्या ऑक्टोबरांत अध्यक्ष बायडन यांनीं या शाळांबद्दल राष्ट्राच्या वतीनें क्षमा मागितली.

उत्तरेकडील कॅनडानेंहि हाच मार्ग धरिला. १८७९ मध्यें निकोलस डेव्हिन यांनीं अमेरिकेंतील व्यवस्था पाहून उद्योगशाळा काढण्याची शिफारस केली, आणि १८८३-८४ पासून बॅटलफर्ड, क्वापेल येथें त्या सुरू झाल्या. तेथील निवासी शाळांतून पुढें दीड लाखांहून अधिक मुलें गेलीं. २००८ मध्यें कॅनडाच्या पंतप्रधानांनींहि पार्लमेंटांत क्षमायाचना केली. याच देशाच्या १८७६ च्या कायद्यांत एक कलम असें होतें कीं, मूळ रहिवाशांपैकीं जो कोणी विश्वविद्यालयाची पदवी मिळवील, डॉक्टर किंवा वकील होईल, त्याचें जमातीचें सभासदत्व त्याच क्षणीं संपुष्टांत यावें. शिकणें म्हणजे आपल्या माणसांतून उठणें, हें तेथें कायद्यानेंच ठरविलें होतें.

याचा अर्थ असा नव्हे कीं, त्या काळीं बाहेर जाऊन शिकलेल्या कोणाचेंच भलें झालें नाहीं. मराठी वाचकांस जवळचें वाटेल असें एक उदाहरण देतों. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ च्या मार्च महिन्यांत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांतून पदवीधर झाल्या, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत त्याच महाविद्यालयांत ओमाहा जमातीची सुझन ला फ्लेश ही तरुणी दाखल झाली आणि १८८९ मध्यें वर्गांत पहिली येऊन अमेरिकेच्या मूळ रहिवाशांतील पहिली स्त्री-डॉक्टर झाली. तीहि हॅम्प्टनच्या शाळेंतूनच आलेली. परंतु तिनें शिकावयाचें काय तें स्वतः ठरविलें होतें, आणि शिकून ती नेब्रास्कांतील आपल्या लोकांतच परत गेली. कित्येक मैलांच्या टापूंत घोड्यावरून वा घोडागाडींतून हिंडून ती रोग्यांस त्यांच्याच भाषेंत विचारपूस करी. १९१३ मध्यें तिनें वॉल्टहिल येथें रुग्णालय उभें केलें. आनंदीबाईंस आयुष्य लाभलें असतें तर कोल्हापुरांत त्यांनीं जें केलें असतें, तें सुझननें आपल्या मुलुखांत करून दाखविलें. विद्या तीच, परंतु ती घेऊन घरीं जातां आलें.

आतां दुसऱ्या हकीकतीकडे वळूं. हिच्यांत सरकारी योजना नाहीं, शाळा नाहीं, परोपकारी लेफ्टनंटहि नाहीं. मॉन्ट्रियल शहराजवळ, सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावर, काहनावाके हें मोहॉक लोकांचें गांव आहे. येथील पुरुष पिढ्यान् पिढ्या नदीवर वाढलेले: लोकरीच्या कातड्यांच्या व्यापारांत व्यापाऱ्यांच्या होड्या वल्हवावयाच्या, लांकडांचे तराफे धबधब्यांसारख्या प्रवाहांतून सुखरूप खालीं न्यावयाचे, हें त्यांचें काम. त्यांची ख्याति अशी कीं, १८८४ मध्यें खार्टूम येथें वेढलेल्या गॉर्डनच्या सुटकेसाठीं इंग्रजांनीं नाइल नदींतून सैन्य पाठविलें तेव्हां होड्या चालविण्यास काहनावाकेचे कित्येक नावाडी नेले होते. परंतु आगगाडी आली व होडीचा धंदा बसूं लागला. १८८६ मध्यें कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेसाठीं डोमिनियन ब्रिज कंपनीनें त्यांच्या जमिनीला लागून पूल बांधावयास घेतला. जागेच्या मोबदल्यांत गांवकऱ्यांस कामावर घ्यावयाचें ठरलें. काम हलकें, म्हणजे माल उतरविण्याचें. पण तरुण पोरें संधि सांपडतांच पुलाच्या तुळयांवर चढून जात आणि वरच्या कामगारांचें काम पाहत बसत. शेवटीं कांहीं जणांस कंपनीनें खिळे ठोकण्याचें काम शिकविलें.

हें काम कसें चाले तें सांगितल्याशिवाय पुढील गोष्ट ध्यानांत यावयाची नाहीं. पोलादी तुळया लाल तापविलेल्या जाड खिळ्यांनीं, म्हणजे रिव्हेटांनीं, जोडीत. त्यासाठीं चौघांची टोळी असे. एक जण लहानशा भट्टींत खिळे तापवी आणि चिमट्यानें धरून दुसऱ्याकडे फेंकी. दुसरा तो जळता खिळा डब्यांत झेली आणि भोंकांत बसवी. तिसरा एका बाजूनें लोखंडी दांडा रेटून धरी. चौथा दुसऱ्या बाजूनें हातोड्यानें त्याचें डोकें ठोकून काढी. हें सारें नदीच्या पात्रावर शंभर शंभर फूट उंचीवर, हातभर रुंद फळीवर उभें राहून. चौघांपैकीं एकाचा नेम चुकला तर चौघांच्या जिवाशीं गांठ. म्हणून टोळींत माणूस घ्यावयाचा तो भरंवशाचा, आणि भरंवसा कोणाचा? भावाचा, मेहुण्याचा, चुलत्याचा. नवा मुलगा आधीं बापाच्या किंवा मामाच्या टोळींत वावरे, चारहि कामें आळीपाळीनें शिके, आणि तयार झाला म्हणजे दुसरी टोळी बांधी. पत्रकार जोसेफ मिचेल यांनीं १९४९ मध्यें ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकांत या लोकांवर प्रसिद्ध लेख लिहिला. त्यांतील माहितीप्रमाणें आरंभीं तीन टोळ्या होत्या, आणि १९०७ पर्यंत त्या लहानशा गांवांत सत्तरांहून अधिक कसबी पोलाद-कामगार तयार झाले. पाठ्यक्रम नाहीं, वसतिगृह नाहीं, प्रशस्तिपत्र नाहीं. गुरु आणि शिष्य एकाच घरचे.

त्या १९०७ सालींच क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्सवर १८०० फूट गाळ्याचा अजस्र पूल बांधणें चाललें होतें. तितका मोठा गाळा त्या जातीच्या पुलांत तोंवर जगांत कोणी घातला नव्हता. पुलाचें वजन हिशेबांत कमी धरलें गेलें होतें. खालचे पोलादी खांब वांकूं लागले, तें कामावरच्या लोकांच्या दृष्टीसहि पडलें, पण काम थांबविण्याचा हुकूम वेळेवर पोंचला नाहीं. २९ ऑगस्टच्या संध्याकाळीं, सुटी होण्याच्या सुमारास, कांहीं क्षणांत दक्षिणेकडील सारा भाग नदींत कोसळला. ७५ माणसें मेलीं. त्यांपैकीं ३३ एकट्या काहनावाकेचीं. एका गांवांतून एका दिवशीं ३३ कर्ते पुरुष! तेथील स्मशानांत त्यांच्या थडग्यांवर पोलादी तुळयांचे क्रूस उभे आहेत.

आतां हे लोक हा धंदा सोडतील, असें बाहेरच्यांस वाटलें. त्यांनीं तो सोडला नाहीं. परंतु गांवांतील स्त्रियांनीं एक गोष्ट ठरविली. मोहॉक समाजांत कूळ आईकडून चालतें व वडील स्त्रियांच्या शब्दास वजन असतें. त्यांनीं आग्रह धरला कीं, यापुढें सर्व पुरुषांनीं एका कामावर जाऊं नये. टोळ्यांनीं निरनिराळ्या ठिकाणीं पांगावें. या निश्चयानें गांवाचा इतिहास बदलला. टोळ्या दूरदूर जाऊं लागल्या, न्यूयॉर्कला पोंचल्या, आणि एम्पायर स्टेट बिल्डिंग, जॉर्ज वॉशिंग्टन पूल यांसारख्या कामांत त्यांचे हात लागले. ब्रुकलिनमध्यें त्यांची एक वस्तीच झाली. तेथें एका पाद्र्यानें मोहॉक भाषा शिकून तींत प्रार्थना चालविल्या. आणि सुटी लागली कीं पुरुष शेंकडों मैल मोटार हांकीत काहनावाकेस घरीं जात. सरकारी अधिकाऱ्यांनीं पॉल डायबो नांवाच्या पोलाद-कामगारास परदेशी ठरवून हद्दपार करण्याचा घाट घातला, तेव्हां १७९४ च्या जे तहानें मूळ रहिवाशांस सरहद्द ओलांडण्याचा हक्क आहे, असें सांगून तो न्यायालयांत लढला आणि १९२७ मध्यें फिलाडेल्फियाच्या न्यायालयांत जिंकला. स्पॉटेड टेलला जी विद्या आपल्या मुलांसाठीं हवी होती, ती हीच नव्हे काय? तह वाचतां येणें आणि त्याच्या आधारावर उभें राहतां येणें.

या लोकांस उंचीचें भय उपजतच नसतें, अशी एक समजूत रूढ आहे. ती स्तुतीसारखी दिसते. पण तिच्यामुळें कसबाचें श्रेय रक्तास मिळतें व शिकणाऱ्यांचे कष्ट नाहींसे होतात. भीति आम्हांसहि तितकीच वाटते, पण ती कशी संभाळावी हें आम्ही शिकतों, असें काहनावाकेचे कामगार स्वतः सांगत आले आहेत. या धंद्याचें चित्र केवळ उजळ रंगवावें असेंहि नाहीं. त्यानें बळी घेतले, बाप घरापासून दूर राहिले, आणि संसार स्त्रियांवर पडला. शिवाय कसबानें सर्व संकटें टळत नाहींत: १९५० नंतरच्या दशकांत सेंट लॉरेन्सचा जहाजमार्ग खणतांना सरकारनें गांवची नदीकांठची जमीन घेतली आणि नदीवर वाढलेल्या लोकांस नदीपासून तोडलें. तथापि १९७० च्या सुमारास वर्ल्ड ट्रेड सेंटरचे मनोरे उभारणाऱ्यांत मोहॉक होते, आणि २००१ मध्यें ते मनोरे पडल्यावर ढिगारा उपसावयासहि मोहॉक गेले. चार-पांच पिढ्या टिकलेलें हें कसब आहे.

दोन्ही हकीकती समोर ठेवल्या असतां एक गोष्ट उघड होते. कोणता धंदा शिकवावा, याला आपण समजतों तितकें महत्त्व नाहीं. लोहारकाम कार्लाइलमध्यें होतें. लोखंडाचेंच काम काहनावाकेंत होतें. फरक होता तो धंदा कोणी निवडला, कोणी शिकविला, आणि तो घेऊन घरीं येतां येत होतें कीं नाहीं, यांत. कार्लाइलनें मुलास हुन्नर देतांना त्याचें गांव काढून घेतलें. काहनावाकेंत हुन्नर गांवातूनच मिळत होता, आणि त्याचा जाच असह्य झाला तेव्हां त्याला लगाम घालणारी बाईहि गांवांतलीच होती.

अमेरिकन सरकार हा धडा शिकलें, पण फार रमतगमत. १९३३ मध्यें मंदीच्या काळांत जॉन कॉलियर हे या खात्याचे प्रमुख असतांना, मूळ रहिवाशांस त्यांच्याच मुलुखांत बंधारे, विहिरी, रस्ते बांधण्याचें व यंत्रें चालविण्याचें काम देण्यांत आलें. १९४२ पर्यंत ऐंशी हजारांहून अधिक लोकांनीं त्यांत भाग घेतला. ही दिशा बरी होती. परंतु महायुद्धानंतर वारें फिरलें. १९५३ मध्यें जमातींची मान्यताच क्रमाक्रमानें रद्द करण्याचें धोरण काँग्रेसनें स्वीकारिलें, आणि १९५६ च्या कायद्यानें १८ ते ३५ वर्षांच्या तरुणांस शिकागो, डेन्व्हर, लॉस एंजिलिस अशा शहरांत नेऊन धंदा शिकविण्याची व नोकरी लावण्याची योजना पक्की झाली. प्रॅटचाच सिद्धांत, फक्त आगगाडीच्या तिकिटासह. दोन दशकांत लाखाहून अधिक लोक शहरांत गेले. कित्येक परत आले, कित्येक शहरांच्या गलिच्छ वस्तींत हरवले.

त्याच १९५६ सालीं ओक्लाहोमांतील एक चेरोकी कुटुंब या योजनेखालीं सॅन फ्रान्सिस्कोस गेलें. त्यांतील मुलगी विल्मा मॅनकिलर मोठी होऊन आपल्या मुलुखीं परतली. बेल नांवाच्या दरिद्री खेड्यांत घरोघर नळाचें पाणी नव्हतें. बाहेरून कंत्राटदार आणण्याऐवजीं तिनें गांवकऱ्यांसच विचारलें कीं, तुम्हांस काय पाहिजे आणि तुम्ही काय कराल? त्यांनीं स्वतः खणून सुमारें १६ मैलांची नळवाट घातली. नळ जोडण्याचें काम त्यांस त्यापूर्वीं येत नव्हतें. गरज होती म्हणून तें आलें. १९८५ मध्यें विल्मा चेरोकी राष्ट्राची मुख्य झाली. एव्हांना कायदाहि बदलला होता. १९७५ च्या कायद्यानें सरकारी योजना चालविण्याचा अधिकार जमातींस कराराने मिळूं लागला; १९९२ च्या कायद्यानें निरनिराळ्या खात्यांकडून येणारा रोजगार व शिक्षणाचा पैसा एकत्र करून आपल्या गरजेप्रमाणें खर्च करण्याची त्यांस मुभा मिळाली, आणि २०१७ मध्यें ती कायम झाली. कॅनडांतहि १९९१ पासून अशा योजना मूळ रहिवाशांच्या संस्थांमार्फत चालविण्याचा प्रघात पडला. २०१९ च्या योजनेंत फर्स्ट नेशन्स, इन्युइट व मेटी यांची व्यवस्था वेगवेगळी केली आहे. कार्लाइलपासून येथवर यावयास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं.

आपल्याकडेहि हा प्रश्न परका नाहीं. मुंबई इलाख्यांतील आदिवासींच्या स्थितीवर सिमिंग्टन यांचा अहवाल १९३९ मध्यें प्रसिद्ध झाला, त्यांत जंगलच्या ठेकेदारांचा जुलूम उघड झाला होता. १९४७ मध्यें बाळासाहेब खेर यांच्या सरकारनें जंगलतोडीचें काम ठेकेदारांऐवजीं आदिवासी मजुरांच्या सहकारी संस्थांस देण्याचें धोरण आंखलें. कुऱ्हाड चालविण्याचें कसब वारली व कातकरी यांस कोणी शिकवावयास नको होतें. त्यांस हवा होता तो हिशेब आणि करार आपल्या हातीं असण्याचा अधिकार.

तेव्हां कोणत्याहि उपेक्षित समाजाकरितां धंदेशिक्षणाची योजना आपल्यापुढें आली असतां, किती शिकले आणि किती खर्च झाला, एवढे आंकडे पाहून समाधान मानूं नये. प्रॅटजवळ आंकडे होते, आणि त्याचें अंतःकरणहि, त्याच्या परीनें, निर्मळ होतें. स्पॉटेड टेलनें मुलें पाठविलीं तीं पत्र्याच्या भांड्यांसाठीं नव्हे. आपल्या नांवानें लिहिलेला कागद आपल्याला वाचतां यावा, एवढेंच त्याचें मागणें होतें. तें मागणें ज्या योजनेंत आधीं ऐकून घेतलें आहे, तिच्यांत पुढें कोणता हुन्नर शिकवावा हें ठरविणें फारसें अवघड जात नाहीं.